कुंभकोणमची आग आणि आपल्या वर्गाचं दुसरं दार



१६ जुलै २००४. तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथल्या एका शाळेत दुपारचं जेवण शिजत होतं. स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि पेटतं छप्पर वरच्या मजल्यावर बसलेल्या मुलांवर कोसळलं. खाली यायला जिना अरुंद. ९४ मुलं गेली. प्राथमिकची, म्हणजे तुमच्या-माझ्या वर्गातल्या वयाची.

त्यानंतर तमिळनाडूत शाळांची गवती छपरं काढायला लावली. पुढे अविनाश मेहरोत्रा खटल्यात १३ एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांसाठी आदेश दिले. इमारत सुरक्षित असल्याशिवाय मान्यता नको, आग विझवायची साधनं हवीत, आणि शाळेतल्या माणसांना ती वापरता आली पाहिजेत.

लाल सिलिंडर आमच्याही शाळेत आहे. कार्यालयात, कपाटाशेजारी. तपासणीला आलेले साहेब त्यावरची तारीख बघतात. "मॅडम, हे चालवून दाखवा" असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे आदेशातली वस्तू आली, शिकवणं राहूनच गेलं.

म्हणून मागच्या महिन्यात दुसरीच्या वर्गात सराव घेतला. घंटा वाजवली, "चला, बाहेर!" म्हटलं. पोरांनी आधी दप्तरं उचलली. मग सगळी दारात अडकली, कारण जो तो आपली चप्पल शोधत होता. उजवी सापडली तर डावी नाही. मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. दुसरं दार उघडायला गेले, तर त्याला पोषण आहाराच्या तांदळाची पोती लावलेली. जागा नाही म्हणून मीच ठेवू दिली होती, दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

पोती हलवली. चपला आता दारापासून लांब, भिंतीकडेला. दर शनिवारी कवायतीनंतर दप्तर न घेता, अनवाणी बाहेर पडायचं, कडुनिंबाखाली जमायचं आणि तिथे मी हजेरी घेते. लहान मुलं घाबरतील, असं काही सहकारी म्हणतात. माझ्या वर्गाला तर तो खेळच वाटतो, शुक्रवारपासून विचारतात.

पालकहो, सभेत तुम्ही मार्क विचारता, विचाराच. पण एकदा "वर्गाचं दुसरं दार उघडून दाखवा" असंही म्हणा. आम्हाला राग येणार नाही. आला तरी म्हणा.