करवंट्यांच्या होड्या

मैत्रिणींनो, नावेतलं डोहाळजेवण हल्ली बहुधा दिवाणखान्यातच होतं. मग नदी टेबलावरच आणू या! थर्माकोलच्या सजावटीला महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पण आपल्याला त्याची गरजच कुठे आहे?

जवळच्या जितक्या बायका येणार, तितक्या करवंट्या जमवा. पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा. टेबलावर जुनी निळी सुती साडी घडी करून पसरा. करवंटी कलंडू नये म्हणून खाली कापडाची छोटी चुंबळ ठेवा. आत घट्ट कणकेचा गोळा दाबून त्यात खराट्याची हीर रोवा आणि तिला कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचं त्रिकोणी शीड खळीने चिकटवा. टाचण्या नकोत, जेवणात पडतात. शीड वीतभरच असू द्या, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांचे चेहरे दिसतील. निरांजन मात्र या टेबलापासून दूर. आणि फुलं आणण्याआधी उत्सवमूर्तीला विचारा. एरवीचा लाडका निशिगंध या दिवसांत तिला सोसेलच असं नाही.

आता शिडांचं खरं काम. आजकाल कुणाचं माहेर लांब, तर कुणाच्या सासूबाई नोकरीत. तेव्हा ओटी भरून झाली, की प्रत्येकीने एकेका शिडावर लिहावं : ‘मंगळवारचा डबा माझा’, ‘दुपारी तासभर बाळ मी बघेन’. बाळंतिणीला साडीइतकीच त्या तासाभराच्या झोपेची गरज असते. शिडं तिला जपून ठेवायला सांगा, आणि आपण दिलेला वार पाळा बरं का!