पायाखालचे हिरवे गवत

मृग नक्षत्र लागते, शाळा उघडते आणि साजगावच्या माळावर तांबड्या मखमलीचे ठिपके चालू लागतात. मृगाचा किडा निघाल्याची वार्ता आम्हां शिक्षकांना दरवर्षी एखादा लहान विद्यार्थीच आणून देतो. आम्ही हजेरीपटात डोके घालून बसलेलो असतो. हे आमचेच न्यून आहे.

वर्षावासाचा नियम का झाला, हे विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे. पावसात पक्षीही घरटे करून राहतात. भिक्खू मात्र हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, सूक्ष्म जीवांचा घात करतात, अशी लोकांची तक्रार होती. भगवान बुद्धांनी ती मान्य केली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. थांबणे हा येथे आळस नव्हे, करुणा आहे. कर्जतजवळ राजमाचीच्या कुशीतील कोंडाणे लेणी पाहावीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी चैत्याच्या दर्शनी भागात लाकडी बांधकाम दगडात उतरविले. आधी लाकूड सावकाश निरखल्याखेरीज हे शक्य नव्हते.

फुलेपाखरे पाहणे ही पोट भरलेल्यांची चैन, असे आपल्यातीलच कोणी म्हणेल. हा आक्षेप पोकळ नाही. आपल्या वाडवडिलांना रान दिसले ते मोळीच्या आणि वेठीच्या ओझ्याखालून. याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पण जे तळे, जी सावली आपलीही आहे असे त्यांनी जगाला बजावले, तिच्याकडे डोळे भरून पाहण्याचा हक्क आपण का सोडावा? शहरातील माणसे कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांत पैसे मोजून दोन दिवसांची निवांतता विकत घेतात. येथलीच मुले मात्र तासामागून तास धावत असतात.

या मुलांजवळ ज्ञान नाही काय? पहिल्या पावसानंतर शेवळे जमिनीतून वर येते. ते नुसते शिजविले तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात, हे कातकरी मुलाला ठाऊक असते. सागाचे कोवळे पान चोळले की तळहात लाल होतो आणि पावसाळा सरताना अळ्या तीच पाने खाऊन त्यांची जाळी करतात, हे ठाकर मुलगी दाखविते. यासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही. हे सांगताना त्या मुलांना लाज वाटू लागली, तर पराभव त्यांचा नसून आपल्या शिक्षणाचा आहे.

धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे: ये आणि स्वतः पाहा. म्हणून आमचे नम्र मत असे, की आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आठवड्यातून एक तास पाठ्यपुस्तक मिटलेले असावे. मुलांनी पुढे चालावे, शिक्षकांनी मागून. जे दिसेल ते वहीत नोंदवावे. जे कळले नाही तेही प्रामाणिकपणे लिहावे. उपटणे नाही, मारणे नाही, घाई नाही.

नियम एकच असावा, तोही अडीच हजार वर्षांपूर्वीचा: पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहावे. तेथे कोणीतरी जगत असते.