विश्लेषण : पवनचक्कीचे पाते सुखरूप पोहोचते, मग सळईच का जीव घेते?

महामार्गावर पवनचक्कीचे पाते घेऊन जाणारा ट्रेलर दिसला, की आपण मोबाइल काढतो. सळया बाहेर लोंबणाऱ्या ट्रककडे मात्र कुणी बघत नाही. सिग्नलला आपली दुचाकी त्याच्या मागे जेमतेम काही फुटांवर उभी असते. यातला जास्त धोकादायक दुसरा आहे, आणि तो थांबवणे तुलनेने सोपे आहे.

‘ओडीसी’ म्हणजे काय?

ठरलेल्या मापात न बसणाऱ्या मालाला वाहतूकदार ‘ओडीसी’ म्हणतात. मालवाहू वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर. त्यापेक्षा रुंद, उंच किंवा लांब माल न्यायचा, तर वेगळी परवानगी लागते.

जड आणि लांब माल या दोन वेगळ्या डोकेदुखी आहेत. ट्रान्सफॉर्मर जड असतो. त्याचे वजन पुलावर एका जागी येऊ नये म्हणून भरपूर अ‍ॅक्सलचा ट्रेलर लागतो. पाते त्या मानाने हलके, पण आता ६०-७० मीटर किंवा त्याहूनही लांब. वळणावर ट्रेलरचा मधला भाग आतला कोपरा कापतो आणि पात्याचे टोक बाहेरच्या बाजूने फिरते. म्हणून लांबी वाढवता येणारा ट्रेलर वापरतात. त्याची मागची चाके स्वतंत्रपणे वळतात. अवघड वळणावर एक माणूस रिमोट घेऊन बाजूने चालत ती वळवतो. माल निघण्याआधीच चौक, कमानी, विजेच्या तारा, घाट पाहिलेले असतात.

याला किती वेळ लागू शकतो? ७० टनांचे एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाले. ७४ चाकांच्या वाहनावरून ते पोहोचले जुलै २०२० मध्ये. सरासरी काढली तर दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर. लॉकडाऊनचाही त्यात वाटा होता, पण घाई करून चालत नाही हे खरेच.

मग सळईचे काय?

सळईची प्रमाणित लांबी १२ मीटर. ४० फुटी ट्रेलरचा पाट्टा साधारण १२.२ मीटरचा, म्हणजे ती त्यात नेमकी बसते. जालन्यासारख्या पोलादाच्या केंद्रातून सळई अशीच निघते. घोळ शेवटच्या टप्प्यात होतो. गोदामातून गल्लीतल्या साइटपर्यंत ट्रेलर जात नाही. तिथे छोटा ट्रक किंवा टेम्पो लागतो, त्याची लांबी १२ मीटरच्या निम्मी. मग सळई मधे वाकवायची किंवा मागे लोंबू द्यायची. वाकवली, तर साइटवर पुन्हा सरळ करण्याची मजुरी पडते. लोंबू दिली, तर टोकाला लाल फडके बांधले की काम झाले! अंधारात ते फडके दिसत नाही, आणि मागच्या चालकाला अंतराचा अंदाज ट्रकच्या दिव्यांवरून येतो, सळईच्या टोकावरून नाही.

१२ जानेवारी २०२५ रोजी नाशिकमध्ये द्वारका परिसरात एक टेम्पो लोखंडी सळयांच्या ट्रकवर मागून आदळला. देवदर्शनाहून परतणाऱ्या अनेकांचा त्यात जीव गेला.

कायदा काय सांगतो?

कायदा ढिला नाही. मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढण्याची सवलत केंद्राने २०१४ मध्येच काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मालासाठी २० हजार रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद आहे. यातली महत्त्वाची ओळ कुणी वाचत नाही: गाडी चालवणाऱ्याइतकाच ती तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारासुद्धा दोषी. व्यवहारात मात्र चलान गाडीच्या नंबरवर फाटते, आणि ज्याच्या गोदामात सळई भरली तो नामानिराळा राहतो.

ही तपासणी रस्त्यावर नव्हे, गोदामाच्या फाटकावर व्हायला हवी. पाट्ट्यापेक्षा लांब सळई भरलेल्या गाडीला चलनच द्यायचे नाही, आणि दिलेच तर नोटीस गोदामाला जावी. मापात कापून-वाकवून देणारे कारखाने मोठ्या शहरांभोवती आहेत. छोट्या कंत्राटदारालाही तिथून माल घेता येईल. किलोमागे दर थोडा वाढेल, ही त्यांची तक्रार खरी आहे. घर बांधणाऱ्याने तेवढे पैसे द्यावेत. आज ती किंमत मागून येणारा दुचाकीस्वार मोजतो आहे.