निंबाची डहाळी आणि टोनही

तात्यापाऱ्यात बदलून आलेल्या आम्हां मराठी मंडळींत एक वाक्य वारंवार ऐकू येते : 'इकडचे लोक फार अंधश्रद्धाळू.' हरेलीला दारोदारी निंबाची डहाळी खोचलेली दिसली की आमचे हसू ठरलेलेच. वस्तुतः हरेली म्हणजे इकडील पंचांगाची श्रावण अमावास्या. आमच्या पंचांगात तीच आषाढी, दिव्याची अवस. त्याच दिवशी आम्ही घरी दिवे पुजतो, आणि चौकटीवर लिंबू-मिरची टांगतो. डहाळी ती अंधश्रद्धा आणि लिंबू तो संस्कार, हा न्याय कोठला?

हा न्याय राज्यकर्त्याचा आहे. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले. १८५४ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, दृष्टी मात्र आम्ही सांभाळून ठेवली. दूरच्या जमैकातही हेच घडले. १७६० साली टाकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केले, तेव्हा मळेवाल्यांच्या विधिमंडळाने 'ओबिया' हा त्यांचा मंत्रतंत्र गुन्हा ठरविला. गुलामांचे अज्ञान दूर करण्याची ती तळमळ नव्हती. मंत्राने बंडखोरांना येणाऱ्या धैर्याचे ते भय होते. तरीही बलाढ्यांना युक्तीने फसविणाऱ्या अनान्सी कोळ्याच्या आफ्रिकी कथा तोंडोतोंडी जगल्याच.

मग टोनहीचेही कौतुक करावे काय? मुळीच नाही. एखाद्या असहाय बाईला चेटकीण ठरवून छळणे ही लोककथा नव्हे, क्रौर्य आहे. छत्तीसगडने २००५ साली याविरुद्ध कायदा केला : टोनही ठरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, छळणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा. त्याचा वटहुकूम निघाला तो पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. तेव्हा आम्ही कोणत्या तोंडाने हसावे?

ज्या मुखातून टोनहीची भीती पसरते, त्याच लोकमुखातून पंडवानीही आली. हाती तंबुरा घेऊन तीजनबाईंनी महाभारत उभे केले, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. कथा ऐकावयाची असते, छळ थांबवावयाचा असतो. दोहोंना एकाच तुच्छतेने झटकणे म्हणजे विवेक नव्हे, आळस आहे.

आम्ही आजवर नेमके उलटे वागलो. पंडवानीला हसलो, आणि कोणा बाईला टोनही म्हटल्याचे कानी आले तेव्हा 'हा आपल्या खात्याचा विषय नव्हे' असे म्हणून फाईल मिटली. अंधश्रद्धा कोणाची, हे आता वाचकांनीच ठरवावे.