मोकळा कुत्रा आणि भ्यालेला माणूस

सार्वजनिक उद्यानात पाळीव कुत्रा साखळीने धरावा की मोकळा सोडावा, हा विषय अग्रलेखाच्या, आणि तोही पहिल्या पानावरील अग्रलेखाच्या, योग्यतेचा आहे काय, असा प्रश्न काही वाचक करतील. देशापुढे एवढे मोठाले प्रश्न आ वासून उभे असताना संपादकांना कुत्र्याची साखळी कोठून आठवली, असेही कोणी म्हणेल. परंतु मोठ्या प्रश्नांवरील मतभेद सभागृहांत होतात. या प्रश्नावरील मतभेद रोज सकाळी सहा वाजता बागेच्या फाटकाशी होतात आणि पाहता पाहता हमरीतुमरीवर येतात. एका जिन्यावर वीस वर्षे शेजारी म्हणून राहिलेली कुटुंबे या एका कारणावरून परस्परांशी बोलेनाशी झाल्याची उदाहरणे या मुंबई शहरात कोणासही आठवतील. त्यातच ऑगस्ट २०२५ पासून मोकाट कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयात जे आदेश झाले, त्यांनी आधीच तापलेले वातावरण अधिक तापविले आहे. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न निराळा आणि फार अवघड आहे; त्यास कोणी एक माणूस उत्तरदायी नाही. ज्या कुत्र्याला घर आहे, नाव आहे आणि मालक आहे, त्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. म्हणूनच तो सुटत नाही याचे आश्चर्य वाटते.

या सगळ्या भांडणाचे मूळ एका वाक्यात आहे. बाकावर बसलेल्या आजीबाईंच्या दिशेने एक धिप्पाड कुत्रा उड्या मारीत येतो. त्या पाय वर घेतात, पदर सावरतात, काठी पुढे धरतात. पन्नास पावलांवर असलेले कुत्र्याचे मालक कानाचा मोबाइल न काढता ओरडून सांगतात, "काही करीत नाही हो तो!" हे वाक्य खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. बहुतेक वेळा ते खरेच असते. परंतु ते खरे आहे हे ठाऊक असते फक्त मालकाला. त्याने त्या कुत्र्याला पिल्लू असल्यापासून वाढविले आहे, त्याच्या कानाच्या हालचालीवरून त्याचा राग आणि लोभ त्याला ओळखता येतो. आजीबाईंना हे सारे शिकण्यास मिळालेली असतात पाच पळे. आणि "काही करीत नाही" यातील 'काही' म्हणजे चावणे, एवढाच अर्थ मालकांनी धरलेला असतो. सत्तरीच्या माणसाने दचकून एक पाऊल मागे टाकले, तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर कुत्रा केवळ वास घ्यायला आला होता, ही माहिती इस्पितळात फारशी उपयोगी पडत नाही.

यावर कुत्रेवाल्यांचे उत्तर ठरलेले असते : लोकांनी घाबरू नये, घाबरून पळाले की कुत्रा पाठीस लागतो. शास्त्रदृष्ट्या हे बरोबर आहे. धावत्या वस्तूचा पाठलाग करणे ही श्वानजातीची प्रवृत्तीच आहे. परंतु या उत्तराचा अर्थ काय होतो, तो पाहावा. चार वर्षांच्या मुलाने स्वतःवर ताबा ठेवावा, आणि चाळीस वर्षांच्या गृहस्थाने कुत्र्यावर तो ठेवला नाही तरी चालेल! आम्ही पूर्वी शिक्षकी पेशात होतो. एका दांडग्या मुलासाठी साऱ्या वर्गाला निमूट बसण्याचा उपदेश करणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या वर्गात शांतता कधी नांदल्याचे स्मरत नाही.

शिवाय ही भीती अडाणीपणाची नव्हे. अलर्काची, म्हणजे आपण ज्याला रेबीज म्हणतो त्या रोगाची, लक्षणे एकदा प्रकट झाली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पाश्चरने १८८५ साली लस टोचून दाखविली तेव्हापासून या रोगावर प्रतिबंध आहे. परंतु तो वेळेवर घ्यावा लागतो. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, ताबडतोब दवाखाना गाठणे, आणि मग अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या तारखांना सुया टोचून घेणे, हे सर्व त्या माणसाने करावयाचे, ज्याचा अपराध एवढाच की तो त्या सकाळी त्या वाटेने फिरावयास गेला. अंगावर येणाऱ्या कुत्र्याला लस दिलेली आहे की नाही, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. साखळीचे एक टोक माणसाच्या हातात दिसले, म्हणजे निदान हे जनावर कोणाच्या तरी ताब्यात आहे, एवढे परक्यास दुरूनही कळते. साखळीचा खरा उपयोग येथे आहे. ती मालकाच्या तोंडी आश्वासनाची जागा घेते; आणि ते आश्वासन मराठी न समजणाऱ्यालाही समजते.

कुत्र्यांविषयी आम्हांस आकस आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले, दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्री बसली, खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान मिळाला. त्या परंपरेत वाढलेल्या माणसांस श्वानप्रेम इंग्रजी मासिकांतून शिकावे लागत नाही. या मुंबई शहराने तर कुत्र्यांसाठी दंगल केली आहे. ६ जून १८३२ रोजी मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, कोटातील व्यवहार बंद पडले आणि सैन्याला पाचारण करावे लागले. कुत्र्याने पळविलेली पोळी त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपल्या सर्वांच्या बालपणापासूनच्या परिचयाचे आहेत. आजच्या बागांत नामदेव पुढे धावतो आणि कुत्रा मागे, एवढाच काय तो फरक पडला आहे.

प्रश्न जागेचाही आहे, आणि तो टाळून चालणार नाही. परदेशांत कुत्री मोकळी सोडतात, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. लंडनच्या रिचमंड पार्कचे क्षेत्र दोन हजार एकरांहून अधिक आहे. तेथेही २०११ साली फेंटन नावाचा एक कुत्रा हरणांच्या कळपामागे लागला आणि त्याच्या मागे त्याचे नाव घेऊन हताशपणे ओरडत धावणाऱ्या मालकाचे चित्रण साऱ्या जगाने हसत हसत पाहिले. हरणांच्या विण्याच्या दिवसांत तेथे कुत्री साखळीने धरावी लागतात. याच्याशेजारी आपले शिवाजी पार्क ठेवून पाहावे. १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले हे मैदान अवघे अठ्ठावीस एकरांच्या घरात आहे. आणि मुंबईच्या मानाने तेसुद्धा चैनीचे म्हटले पाहिजे, कारण या शहरात दरडोई मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही. तेवढ्यात क्रिकेटची जाळी, योगासनांचे वर्ग, कट्ट्यावरचे निवृत्त गृहस्थ, बाबागाडीतील अर्भक आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी चालावयास सांगितलेला रुग्ण, या सर्वांनी सामावून घ्यावयाचे असते. कुत्र्यालाही तेथे जागा असावी असेच आमचे मत आहे. मात्र ती साखळीच्या लांबीएवढी असावी. सहा फूट पुरे. ज्यातून पंधरा पंधरा फूट दोरी सुटत जाते ती नवी खेळणी हल्ली दिसतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात वाटेवर आडवी ताणलेली ती बारीक दोरी धावणाऱ्याच्या पायात येते, आणि कुत्रा बांधलेला असूनही माणूस पडतो.

साखळी माणसाच्या सोयीसाठी आणि कुत्र्याच्या छळासाठी असते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बागेच्या अवतीभवती रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. बंगल्यात वाढलेला लॅब्रेडॉर त्या हद्दीत मोकळा शिरला, तर त्याच्या वंशावळीचा कागद तेथे कोणी वाचीत नाही. बांधलेल्या कुत्र्याच्या अंगावर मोकळा कुत्रा खेळकरपणे धावून आला, तरी बांधलेल्यास पळता येत नसल्यामुळे तो भेदरून चावा घेतो, आणि बोल बांधलेल्यालाच लागतो. दिवाळीच्या दिवसांत एखादा सुतळी बाँब फुटावा आणि वर्षानुवर्षे हाकेसरशी परत येणारा कुत्रा वाहनांच्या गर्दीत दिसेनासा व्हावा, हे तर दरसाल घडते. "आमचा शिकवलेला आहे" हे अभिमानाचे वाक्य अशा वेळी कामी येत नाही.

आता ज्या गोष्टीची वाच्यता सभ्य समाजात कोणी करीत नाही, तिच्याकडे वळू. बागेत कुत्रा घेऊन येणारा मनुष्य पुष्कळदा त्याचा मालक नसतोच. तो असतो सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा. त्याच्या हाती निरनिराळ्या घरांची तीन-चार कुत्री दिलेली असतात, वजनाने ती सारी मिळून त्याच्या दुप्पट. त्याला कुत्र्यांविषयी कोणी काही शिकविलेले नसते, विष्ठा उचलण्यासाठी कागद वा पिशवी दिलेली नसते, आणि कुत्र्याने काही केले तर लोकांच्या शिव्या मात्र त्याने खावयाच्या असतात. मालक त्या वेळी सातव्या मजल्यावर निद्रासुख घेत असतो. कुत्रा पाळण्याची प्रतिष्ठा आपल्याकडे ठेवून कुत्रा पाळण्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा हा प्रकार आम्हांस साखळीविना सोडलेल्या कुत्र्याहून अधिक आक्षेपार्ह वाटतो. घाणीचा मुद्दा किरकोळ समजू नये. कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीत पुष्कळ काळ टिकून राहतात, आणि त्याच मातीत मुले अनवाणी खेळतात. मुंबईच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत अशा घाणीसाठी दंड होता. तो भरून आल्याचे अभिमानाने वा खेदाने सांगणारा गृहस्थ मात्र आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

कायद्याची उणीव आहे असे नाही. आपल्या ताब्यातील जनावरापासून इतरांस धोका पोचू नये एवढी काळजी न घेणे, हा १८६० च्या दंडसंहितेतही अपराध होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहे. दुसऱ्या बाजूस, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत उद्यानांतून कुत्र्यांस सरसकट मज्जाव करणे अदूरदर्शीपणाचे ठरविले आहे, आणि वेळा नेमून देता येतील असे सुचविले आहे. आम्हांस ते पटते. ज्याला पाय मोकळे करावयास मिळत नाहीत तो कुत्रा रात्रभर सदनिकेत भुंकतो, आणि मग तंटा बागेतून जिन्यात येतो. कुत्र्यावर दगड भिरकावणारी पोरे आणि लिफ्टमध्ये कुत्र्यास बंदी करणाऱ्या गृहनिर्माण संस्था यांची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु 'कुत्र्यांस प्रवेश नाही' ही पाटी फाटकावर येते कशी, याचा विचार श्वानप्रेमींनी करावयास हवा. साखळी, पिशवी, लस, परवाना सारे नेमाने सांभाळणारे मालक या शहरात पुष्कळ आहेत. ती पाटी त्यांनाही बाहेर ठेवते, आणि ती आणतात ते साखळी खांद्यावर टाकून फिरणारे पाचदहा जण. भ्यालेल्या म्हाताऱ्याने हटकले तर त्यांस राग येतो. दुसऱ्या कुत्रेवाल्याने हटकले तर ते निदान खाली पाहतात. तेव्हा हटकण्याचे काम त्यानेच अंगावर घ्यावे.

महापालिकेने करावयाचे ते थोडे आहे. मोठ्या मैदानांत जाळीने वेढलेला एक कोपरा, जेथे कुत्री खुशाल मोकळी धावोत. लहान बागांत पहाटेची आणि रात्रीची एकेक वेळ, तीही साखळीसह. मुलांच्या घसरगुंडीपाशी मात्र कोणत्याच वेळी नाही. आणि फाटकाशी झाकणाची एक पेटी, जी रोज रिकामी केली जाईल. पावसाळा संपला की उद्यानांतील फलक दरवर्षी नव्याने रंगविले जातातच. या वेळी त्यांवर साखळीच्या लांबीची आणि दंडाच्या रकमेची ओळ घालावी, आणि दंड घेणाऱ्या शिपायाची वेळ सकाळी दहाऐवजी सहाची ठेवावी.