टक्के कशावर मोजता?

ईदचा बाजार जवळ आला की तयार कपड्यांच्या दुकानांवर '२५ टक्के सूट' असे फलक लागतात. फलक लावण्यास हरकत नाही, पण आपल्या अनेक व्यापारी बांधवांचा हिशेब तेथेच चुकतो. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही मालावर शेकडा २५ चढवतो. तेवढेच ग्राहकाला सोडले तर निदान मुद्दल सुटते. ते सुटत नाही. ४०० रुपयांच्या खरेदीवर २५ टक्के चढवले की किंमत ५०० होते. सूट मात्र या ५०० वर मोजली जाते, म्हणजे १२५ रुपये. गल्ल्यात आले ३७५. नगामागे २५ रुपये मुद्दलातूनच गेले. दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि नोकरांचा पगार वेगळाच. २५ टक्के चढवणाऱ्याने २० टक्के सूट दिली तरच मुद्दल हाती राहते. ५० टक्के चढवणाऱ्याची मर्यादा ३३ टक्क्यांच्या किंचित वर.

कारागिराचे नुकसान अधिक बोचते, कारण त्याला ते दिसतही नाही. धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्याला एका पिशवीचे ४०० रुपये हवे आहेत आणि शोरूमवाला २० टक्के कमिशन मागतो, असे धरा. कारागीर ४०० वर ८० मिळवून ४८० किंमत सांगतो. कमिशन कापले जाते ते विक्रीच्या ४८० वर, म्हणजे ९६ रुपये. हाती पडतात ३८४. किंमत ५०० सांगायला हवी होती. शंभर पिशव्यांमागे १६०० रुपये गेले, आणि यात कोणी लबाडी केलेली नाही! कमिशन कोणत्या किमतीवर, हे माल देण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे. सेल लागला तर सूट कोणाच्या हिश्शातून जाणार, हेही.

'२० अधिक २०' ही सूट ४० टक्के नव्हे, ३६ आहे. शंभराचे आधी ८० होतात, मग ८० वरचे १६ जाऊन ६४ उरतात. ग्राहक ४० समजून येतो आणि गल्ल्यापाशी हुज्जत घालतो. त्याला दोष का द्यावा? सरळ ३६ लिहावे. आधी किंमत फुगवून मग सूट देणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

दिलेली सूट बिलावर दाखवावी. २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीत विक्रीच्या वेळी दिलेली व बिलात नोंदलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. तोंडी सूट देऊन पूर्ण रकमेचे बिल फाडणारा नोंदणीकृत दुकानदार हाती न आलेल्या पैशांवर कर भरतो.