लेखनाची पदवी, व्हिसाचा हिशेब आणि आपली मराठी

मे २०२५मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. ५० हजार पौंडांचं बक्षीस लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं गेलं. त्याआधी २०२२मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीसाठी त्या आणि अनुवादक डेझी रॉकवेल यांनी हाच मान मिळवला होता. तेव्हापासून पुण्या-नाशिकहून येणाऱ्या फोनवर एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागलाय. “आमच्या मुलीला तिकडे क्रिएटिव्ह रायटिंग किंवा अनुवादात मास्टर्स करायचंय. पाठवावं का?”

मी इंग्लंडमध्ये गेली अठरा वर्षं राहते. नोकरी आयटीतली, रविवारी मुलांना मराठी शिकवते, म्हणून नातेवाइकांना वाटतं की मला यातलं कळत असणार. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळा हिशेब एकदाच मांडते.

या अभ्यासक्रमांचा दर्जा खराच मोठा आहे. नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७०मध्ये माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी सर्जनशील लेखनाचं एमए सुरू केलं. इयन मॅकइवन आणि पुढे नोबेल मिळवणारे काझुओ इशिगुरो तिथलेच विद्यार्थी. त्याच विद्यापीठात १९८९मध्ये लेखक डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांनी साहित्यिक अनुवादाचं केंद्र उभं केलं. अमेरिकेत आयोवाची लेखन कार्यशाळा तर १९३६पासूनची.

आता पैसे. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला अशा एमएची फी बऱ्याच ठिकाणी २० हजार पौंडांच्या पुढे जाते. शिवाय व्हिसासाठी लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे साडेदहा हजार खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे एका वर्षासाठी तीस हजारांची तयारी हवी. शिक्षण संपल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळेल. सप्टेंबर २०२६मध्ये एमएला येणारी मुलगी या नव्या नियमात बसते.

खरी अडचण त्याच्या पुढची आहे. नोकरीच्या व्हिसासाठी साधारण पगाराची अट आता ४१,७०० पौंड आहे, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांसाठी ३३,४००. प्रकाशन व्यवसायात सुरुवातीचा पगार पंचवीस ते तीस हजारांच्या आसपास असतो. त्यामुळे प्रकाशनाचं एमए करून, अगदी नामांकित प्रकाशनगृहात चिकटूनसुद्धा, व्हिसाचं गणित बहुधा जुळत नाही. अनुवादकाचं तर त्याहून कठीण, कारण तो कुणाचा नोकरच नसतो. इथे साहित्यिक अनुवादाचा दर गेली काही वर्षं हजार शब्दांना सुमारे १०० पौंड राहिलाय. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी म्हणजे आठ हजार पौंड, आणि काम वर्षभराचं. त्यात २०२४च्या सुरुवातीला ब्रिटनच्या सोसायटी ऑफ ऑथर्सने केलेल्या पाहणीत ३६ टक्के अनुवादकांनी सांगितलं की एआयमुळे आपली कामं गेली.

अमेरिकेचं काय? तिथला दोन-तीन वर्षांचा एमएफए वेगळा, कारण आयोवा, मिशिगन, ऑस्टिन अशा काही ठिकाणी फी माफ होते आणि वर विद्यावेतन किंवा शिकवण्याचा पगार मिळतो. पण जागा मोजक्या आणि अर्ज ढिगाने. शिवाय ही पदवी ‘स्टेम’मध्ये मोडत नाही, त्यामुळे नंतर कामाची मुभा साधारण बाराच महिने. तिथेच वाढलेल्या आपल्या मुलांचाही एक आधार जातोय. पदव्युत्तर शिक्षणाचं ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६पासून बंद आणि उरलेल्या सरकारी कर्जावर वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा. महागड्या खासगी विद्यापीठातला एमएफए आता घरच्या पैशावर किंवा बँकेच्या व्याजावर.

एक बातमी आपल्याकडे फारशी पोहोचली नाही. आयोवामध्ये १९६७पासून जगभरच्या लेखकांना बोलावणारा एक कार्यक्रम आहे. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात तिथे होते. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याचं सुमारे दहा लाख डॉलरचं अनुदान काढून घेतलं. सरकारी पैशावर चालणारं साहित्याचं घर एका पत्राने किती हलतं, ते यातून दिसलं.

मग मुलीला ‘नको’ म्हणायचं का? माझं मत तसं नाही. पण ही पदवी तिकडे स्थायिक होण्याचा रस्ता म्हणून घेऊ नका, आणि कर्ज काढून तर नकोच. विद्यावेतन मिळालं तर डोळे मिटून जावं. दोन वर्षं लिहायला वेळ, कडक वाचणारे सोबती आणि संपादकांची ओळख, एवढं त्यातून मिळतं, आणि लिहिणाऱ्याला ते थोडं नाही.

अनुवादाची गोष्ट मात्र निराळी. तिथे पदवीआधी लागतात दोन भाषा, आणि त्यातली एक विद्यापीठ देऊ शकत नाही. आजीचं बोलणं, शेजारच्यांची भांडणं, गावाकडची हाक कानात असलेला माणूस कुठल्या कॉलेजात घडवणार? जेरी पिंटो यांनी दया पवारांचं ‘बलुतं’ आणि बाबुराव बागुलांच्या कथा इंग्रजीत नेल्या, शांता गोखले यांनी ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘श्यामची आई’. दोघंही मुंबईकर. उलट लंडनच्या सोआसमध्ये मराठी शिकवणाऱ्या इयन रेसाइड यांनी साठच्या दशकात ‘गारंबीचा बापू’ इंग्रजीत आणला, कारण ते भाषेत खोल उतरले.

या कामासाठी पदवीपेक्षा स्वस्त वाटाही आहेत. नॉरिचच्या नॅशनल सेंटर फॉर रायटिंगमध्ये नवोदित अनुवादकांना अनुभवी अनुवादकाचं मार्गदर्शन मिळण्याची योजना २०१०पासून चालू आहे. ‘इंग्लिश पेन’ नमुना प्रकरणांच्या अनुवादाला पैसे देते. २०२२मधली त्यांची पहिली फेरी भारतीय भाषांसाठीच होती. ‘हार्ट लॅम्प’लाही याच संस्थेचं अनुदान होतं, आणि पुस्तक काढलं ते ‘अँड अदर स्टोरीज’ या शेफिल्डच्या लहानशा प्रकाशनाने. छोटं प्रकाशन, छोटं अनुदान आणि चिकाटीची अनुवादक, एवढ्यावर कन्नड कथा बुकरपर्यंत पोहोचल्या.

मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला. परदेशातल्या मंडळांनी पेढे वाटले, ढोल वाजले, छान झालं. पण इंग्रजी संपादक मराठी वाचत नाही. त्याच्या टेबलावर वीस-तीस पानांचा चांगला अनुवाद गेला तरच पुढचं बोलणं होतं. आजच्या दराने दहा हजार शब्दांच्या नमुन्याला हजार पौंड लागतात. आपल्या एका दिवाळी कार्यक्रमाच्या हॉलचं भाडं आणि जेवणाचा खर्च काढून बघा. दरवर्षी एका मंडळाने एका मराठी पुस्तकाचा नमुना करून घेतला, लेखकाची परवानगी आणि अनुवादकाचा मोबदला दोन्ही रीतसर देऊन, तर पाच वर्षांत काही मोजकी पुस्तकं तरी संपादकांच्या हाती पडतील.

आणि फोन करणाऱ्या आई-बाबांना एक विनंती. मुलीला अनुवाद करायचा असेल तर अर्ज भरण्याआधी तिला एक मराठी कथासंग्रह द्या आणि त्यातली एक कथा इंग्रजीत करायला सांगा. तीन महिने लागले तरी चालतील. ती पानं घेऊनच कुठल्याही विद्यापीठाचं किंवा प्रकाशकाचं दार वाजवावं लागतं. तिने ती आनंदाने पूर्ण केली, तर पुढच्या खर्चाचं आपण पुन्हा बोलू.